शेजारी लायसनवाला पाहिजे

गाडीत बसले की काका आधी उजवा हात हँडब्रेकवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, आता ठोक कुठी ठोकाची ते."

हिंगणघाटच्या आमच्या कॉलनीतले निम्मे लोक याच आशीर्वादावर गाडी शिकले. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, घरात एकटे. शिकाऊ लायसनवर गाडी चालवायची तर बाजूला पक्कं लायसन असलेला माणूस बसावा लागतो. काकांकडे लायसन होतं आणि वेळ तर भरपूर होता. कोणी हॉर्न वाजवला की इस्त्रीचा शर्ट घालून हजर! मी विम्याचा एजंट. काका शेजारी बसलेले दिसले की माझाही जीव भांड्यात पडायचा.

त्यांच्या भिंतीला लागून किराणा दुकानवाल्या भाऊंचं घर. भाऊंनी गाडी घेतली आणि काकांची शिकवणी सुरू झाली. वहिनी रोज संध्याकाळी भिंतीवरून भाजीची वाटी द्यायच्या. काकांचं रात्रीचं जेवण त्या वाटीवरच चालायचं.

एक दिवस भाऊ एकटेच जाम गावाकडे निघाले आणि दुभाजकावर चढले. स्वतः शाबूत, पण गाडीचं तोंड पार चेपलं.

"भाऊ, एकटे काऊन गेलते?" मी विचारलं.

"एकटा कुठी? नियमात लिहून हाये नं, शेजारी लायसनवाला पायजे. काका शेजारीच राह्यतात नं?"

ते खरंच तसं समजले होते की मला बनवत होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्यानं थेट काकांनाच विचारलं, "अपघाताच्या वेळी तुम्ही शेजारी होता?"

आता तुम्हीच सांगा, 'हो' म्हणण्यात खोटं तरी काय होतं? भाऊ खाली बघत होते. वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"घरानं शेजारी होतो साहेब. गाडीत नोतो."

क्लेम नामंजूर झाला. भाजीची वाटी बंद झाली. हळूहळू हॉर्नही बंद झाले. असला सत्यवादी माणूस गाडीत बसवायचा म्हणजे लोकांना धाकच वाटू लागला. काका तरीही सकाळी तयार होऊन फाटकाशी उभे राहायचे. मला ते बघवत नसे.

पुढे भाऊंना पक्कं लायसन मिळालं. कॉलनीभर पेढे वाटले गेले, काकांचं घर सोडून. नंतर थोड्याच दिवसांनी काकांची मुलगी त्यांना कायमचं पुलगावला न्यायला आली.

सामान ऑटोत चढलं तरी काका येईनात. पाहतो तर भाऊंच्या गाडीमागे वाकून काचेवरचा शिकाऊचा लाल 'एल' नखानं खरवडत होते.

"काका, ऑटो थांबलाय," मी म्हणालो.

"पक्कं भेटलं नं त्याले! मंग हे काऊन ठेवाचं? आता तो डायवर झाला."

मुलीनं हाताला धरून नेलं तेव्हा अर्धाच एल निघाला होता. भाऊ दर रविवारी गाडी धुतात, काचा पुसतात. त्या उरलेल्या अर्ध्या एलला मात्र ते हात लावत नाहीत.