चंदाबाईचं मागणं

आज श्रावणी शुक्रवार. जिवतीची पूजा आटोपली अन् चंदाबाईसोबत यवतमाळला जाऊन आले.

चंदाबाई आमच्या बाभुळगावच्या देवीच्या मंदिरात वीस वर्षांपासून महाप्रसाद रांधते. म्हणजे रांधायची. गेल्या नवरात्रात ओटीतली एक हिरवी साडी तिनं उचलली, लेकीच्या, सोनूच्या डोहाळजेवणासाठी. दसऱ्यानंतर त्या साड्या प्रसाद म्हणून वाटतातच, तिलाही मिळाली असती. पण डोहाळजेवण अष्टमीला होतं. साडी मी वाहिलेली. सोनूच्या अंगावर पाहून मीच चारचौघींत बोलले, अन् मंदिराच्या पंचांनी ठाण्यात तक्रार दिली.

कोर्टात तिनं पहिल्याच तारखेला सांगितलं, "घेतली साहेब." पहिलाच गुन्हा म्हणून साहेबांनी शिक्षा दिली नाही. वर्षभर नीट वागायचं हमीपत्र लिहून घेतलं. दर महिन्याला परिविक्षा अधिकारी प्राची मॅडमना भेटायचं, अन् त्यांना विचारल्याशिवाय बाहेरगावी मुक्काम करायचा नाही.

तुरुंग टळला. पण सासरच्यांनी सोनूला बाळंतपणाला माहेरी धाडलं नाही. तिकडे झरी जामणीला मुलगी झाली, आठ महिन्यांची झाली. झरी लांब, मुक्काम केल्याशिवाय जाऊन येणं होत नाही. चंदाबाईनं नात फक्त फोनवर पाहिली. बोलणं संपलं तरी फोन हातात धरून बसते.

"मॅडमना विचारा ना," मी कितीदा म्हटलं.

"न विचारता घेतलं वहिनी. आता विचाराले तोंड कुठून आणू?"

"मग मी विचारते."

"तुम्ही एकदा बोलल्या तं कोर्टापावतर गेली मी. आता गप ऱ्हा." ती हसली. मला हसता आलं नाही.

आज मॅडमनी अंगठा घेतला, रजिस्टर मिटलं. "काही अडचण, मावशी?" दर महिन्याचाच प्रश्न. ती नेहमीसारखी मान हलवून उठली. दारापर्यंत गेली अन् तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "नातीले पाह्यचं होतं मॅडम."

"कुठं असते?"

"झरीले. पाह्यलीच नाही अजून."

मॅडमनी तिला परत खुर्चीवर बसवलं. "एवढे दिवस का नाही सांगितलं, मावशी? एका अर्जाचं तर काम." त्यांनीच अर्ज लिहिला, त्यावरही हिचा अंगठा घेतला. चार दिवसांची परवानगी मिळाली.

परतीच्या बसमध्ये कागद पदराखाली धरून ती कितीतरी वेळ बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "आठ महिन्यांची पोर अनोळखी माणसाजवळ येते का वो?"

"पहिल्या दिवशी रडेल," मी म्हटलं.

"रडू द्या. मांडीवर तं असन."