देवीडॉक्टरच्या पिशवीतला हिरवा खण

आमच्या घराचा ओटा चावडीच्या अगदी समोर. धान्य निवडायला सूप घेऊन बसलं की समोरचं सगळं दिसतं, आणि वारा आमच्या बाजूचा असला की ऐकूही येतं. लेकी विचारतात, "आई, तुला गावातलं एवढं कसं कळतं गं?" मी कुठं कुणाच्या दारात विचारायला जाते? सूप घेऊन बसते, एवढंच. सुपातले खडे टाकून देता येतात, ऐकलेलं टाकवत नाही. मग ते साठत जातं.

दुष्काळाच्या सालात तर फार साठलं. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, ती काय निवडायची? तरी मी सूप घेऊन बसायचेच. कारण त्या वर्षी चावडीवर देवीडॉक्टर यायचे.

डॉक्टर ते नव्हते. सरकारी लस टोचणारे, नाव गाडेकर. राहायला शेवगावात. आमच्याकडे लस टोचण्याला देवी काढणं म्हणतात, म्हणून देवीडॉक्टर. सायकलवरून यायचे. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत लशीच्या कुप्या, दोन टोकांची सुई आणि सुई भाजून घ्यायला स्पिरिटची चिमणी. माणूस सरळ, आवाज बारीक. कुणी अंगावर ओरडलं तर तेच "बरं, बरं" म्हणायचे.

त्या साली त्यांना घाई होती. आमचं अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यावर गेलेलं. तिकडच्या एका टोळीत देवीची साथ निघाल्याचं कळलं होतं, आणि टोळ्या दोन महिन्यांत परतणार होत्या. त्यांच्या गाड्या गावात शिरायच्या आत सगळ्यांना टोचून व्हायला हवं होतं. गाव हळूहळू टोचून होत आलं. अडलं ते आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घराशी.

ते घर साळूआत्याचं. तिचा मुलगा आणि सून टोळीबरोबर गेलेले, दोन वर्षांची नात सुमी आजीजवळ. सुमीला अजून टोचलेलं नव्हतं. तिचे आईबापच टोळीबरोबर परत यायचे, म्हणजे पोर पहिल्यांदा त्यांच्याच गळ्यात पडणार. साळूआत्याच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. ती म्हणायची, "माजे दोन भाऊ तिनं नेलं, मला ठिवलं. तिच्या मनात आलं म्हनून ठिवलं. आता तिच्या म्होरं सुई नाचवू का?"

गाडेकर "बरं, बरं" म्हणून निघून जायचे. पण जाताना सुमीकडं बघायचे आणि सायकल जरा वेळ हातानंच ढकलत न्यायचे.

*

पहिल्या दिवशी धोंडिबा कोतवालानं दवंडी दिली. "ऐका हो ऐका, उद्या चावडीवर देवी काढायची हाय, लहानथोर समद्यांनी यायचं हाय..." आवाज असा की मळ्यापर्यंत जावा.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळे आले. आलं नाही ते धोंडिबाचं घर. बायको चारही पोरं घेऊन उजाडायच्या आत माहेरी गेलेली.

गाडेकरांनी विचारलं, "धोंडिबा, तुमची मंडळी?"

धोंडिबा हलगी बगलेत मारून म्हणाला, "सायेब, दवंडी गावासाठी हुती."

*

मग गाडेकर पाझर तलावाच्या कामावर गेले. दुष्काळी काम, सकाळपासून माती उपसणारी दोनतीनशे माणसं, वर चैत्राचं ऊन. आमचे हे तिथंच होते, त्यांनी सांगितलेलं.

गाडेकरांना वाटलं होतं, इथं माणसं पळतील. तर झालं उलटं. टोचून घेतल्यावर थोडा वेळ झाडाखाली बसा, असं त्यांनी मुकादमासमोर सांगितलं होतं. आख्ख्या कामावर झाड एकच, लिंबाचं. बघता बघता रांग लागली. पहिल्या तासात एवढी माणसं टोचून झाली की गाडेकरांना भरून आलं.

दुसऱ्या तासात त्यांना तोंडं ओळखीची वाटायला लागली. एकाचा डावा हात धरला तर तो घाईघाईनं म्हणाला, "तो नगं, उजवा घ्या." गाडेकरांनी बाही वर सारली. डाव्या हातावर ताज्या टोचण्या.

"अहो, तुमचं झालंय की."

"झालंय वो. पन सावली पुरली न्हाई."

*

सरकारनं गाडेकरांना एक रंगीत कार्ड दिलं होतं. त्यावर अंगभर देवी आलेल्या बाळाचं चित्र. ते घरोघर दाखवायचं आणि विचारायचं, असं पोर कुठं पाहिलं का?

आमच्या आळीत काशीबाईनं ते हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि आत गेली. गाडेकर दारात उभे. बराच वेळ झाला तरी बाई येईना, म्हणून मीच आत डोकावले. कार्ड देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी. त्याला हळदकुंकू लागलेलं, पुढं दहीभाताची वाटी.

गाडेकर बाहेरून म्हणाले, "बाई, ते सरकारी आहे. परत द्या."

काशीबाई म्हणाली, "आज मंगळवार. आज हलवता येत न्हाई."

ते शुक्रवारी आले. शुक्रवार तर देवीचाच. पुढच्या खेपेला अमावास्या निघाली. शेवटी तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, "गाडेकर, तुमचं कार्ड कुठाय?"

गाडेकर बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, त्याची प्रतिष्ठापना झाली."

*

मधेच तीन दिवस त्यांना शनिशिंगणापूरला धाडलं. तिथं माझी धाकटी बहीण दिलेली, त्यामुळे मला आतलं कळलं.

टोचून झालेल्या घराच्या दारावर खडूनं फुली मारायची, असा हुकूम होता. आता शिंगणापुरात घरांना दारं कुठून आणायची? चौकट आहे, दार नाही. गाडेकर पहिल्या घरापुढं खडू धरून उभेच राहिले. मग त्यांनी उंबऱ्यावर फुली मारली. सकाळी बायकांनी सडा घातला, उंबरे धुतले, वर रांगोळी काढली. सगळ्या फुल्या गेल्या वाहून. गाडेकर पुन्हा पहिल्या घरापासून.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या बहिणीच्या चौकटीत उभे राहिले, तेव्हा ती आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "आमच्या घराला कुलूप न्हाई, तरी चोर कधी येत न्हाई. देवीडॉक्टर मात्र रोज येतो."

*

आता खणाचं सांगते.

टोचल्यावर आठव्या दिवशी गाडेकर परत यायचे, हातावर फोड उठलाय का ते बघायला. तोवर आमच्या बायकांनी देवीचं सगळं पाळलेलं असायचं. घरात फोडणी नाही, दारात लिंबाचा डहाळा, पोराला दहीभात. फोड उठला म्हणजे देवी सुखानं आली. आणि तिला घेऊन येणारा माणूस दारात उभा, त्याला रिकामं कसं पाठवायचं? बायका त्याची ओटी भरायच्या. गाडेकर मागं सरकायचे, "अहो, मी पुरुष माणूस." बायका म्हणायच्या, "तुमची न्हाई वो, पिशवीची." नारळ, तांदूळ आणि वर खण.

माझ्या धाकट्या लेकीचा फोड उठला तेव्हा मीही एक हिरवा खण दिला. माझ्या नणंदेनं दिलेला. त्याच्या एका कोपऱ्याला समईच्या तेलाचा डाग होता, म्हणून मी तो शिवला नव्हता. डाग आत घडी घालून दिला. देवीला कुठं दिसतंय?

महिन्याभरात गाडेकरांच्या घरी सात खण जमले. त्यांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी एकेकाची घडी उलगडून बघितली आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"एक नाही गं. पुष्कळ आहेत."

हे उत्तर चुकलंच. दुसऱ्या दिवशी सातही खण पिशवीत परत आले. ज्याचे त्याला देऊन या, म्हणून.

बिचारे चावडीवर बसून आमच्या ह्यांना हे सगळं सांगत होते. वारा आमच्या बाजूचा होता. भरलेली ओटी परत करायची म्हणजे त्या बाईचा अपमान. मग त्यांनी काय केलं, तर सातही खण गावाबाहेरच्या मरीआईच्या पायाशी ठेवले आणि सुटलो म्हणून सायकलवर बसले.

मरीआईपुढचे खण गुरवीण शुक्रवारी बायकांना प्रसाद म्हणून वाटते. पुढच्या आठवड्यात काशीबाईच्या नातवाचा फोड उठला. तिनं पिशवीची ओटी भरली, तेव्हा मी शेजारीच उभी होते. हिरवा खण. कोपऱ्याला तेलाचा डाग.

तोही गाडेकरांनी जाताना मरीआईच्या पायाशी ठेवला. मी कुणाच्या मधे बोलत नाही.

*

टोळ्या परतायला आठ दिवस उरले तेव्हा गाडेकर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बरोबर चला. साळूआत्या तुमचं ऐकतील."

गेलो. आत्या दारात पाय पसरून बसलेली. "सुमी मामाच्या गावाला गेली."

मी इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात कणगी. दुष्काळात कणगीत दाणा कुठला? रिकामीच. पण तिच्या झाकणावर गुळाचा खडा आणि अर्धी भाकरी.

"आत्या, कणगीला भूक लागलीय का?"

"मांजरासाठी ठिवलीय."

तेवढ्यात कणगीतून आवाज आला, "आजी, ग्येला का तो?"

आत्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही. म्हणाली, "मांजर लई बोलतं आमचं."

मला हसू आवरेना. गाडेकर मात्र हसले नाहीत. कणगीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "आत्या, मी झाकण काढणार नाही. तुम्हीच काढायचं. पण गाड्या यायच्या आत काढा. एकदा गाड्या आल्या, की मग मी नुसता बघायला येईन."

आम्ही बाहेर पडलो. माझंही हसू गेलं होतं.

*

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारच्या एसटीतून एक बाई उतरली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, चाल ठाम. सरळ माझ्या ओट्यापाशी आली. "या गावात देवीडॉक्टरला खण देणारी बाई कोण?"

मी सूप खाली ठेवलं. "बसा. पाणी आणते. कुठल्या खणाचं म्हणता?"

तिनं पदर मागं सारला, तेव्हा मला दिसलं. तोंडभर देवीचे व्रण. या वत्सलाबाई.

मी त्यांना सगळं सांगितलं. ओटीचं, पिशवीचं, फोडाचं. हिरव्या खणाचं तेवढं सांगितलं नाही. ऐकता ऐकता त्यांचा राग उतरला, जरा हसल्याही. मग विचारलं, "हे आत्ता कुठं असतील?"

"शेजारी. साळूआत्याच्या दारात रोज बसतात. आत जात नाहीत, उठतही नाहीत."

आम्ही दोघी गेलो. गाडेकर उंबऱ्याबाहेर बसलेले. बायकोला बघून ताडकन उठले. वत्सलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्या आत जाऊन आत्यासमोर बसल्या. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

आत्या म्हणाली, "तुज्याकडं कवा आली गं?"

"सहा वर्षांची होते."

"कुनाला न्येलं?"

"धाकट्या बहिणीला. दोन वर्षांची होती."

आत्यानं कणगीकडं बघितलं. मग म्हणाली, "आन तुजा नवरा सुई घिऊन गावोगाव हिंडतो, तू काय म्हनत न्हाईस त्याला?"

"मीच धाडते. रोज डबा बांधून."

आत्या बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, कणगीचं झाकण काढलं आणि म्हणाली, "सुमे, वर ये. ग्येला न्हाई तो. जानार बी न्हाई."

वत्सलाबाईंनी सुमीला मांडीवर घेतलं. गाडेकरांनी चिमणी पेटवली, सुई भाजली, गार होऊ दिली. सुमी रडली ती गूळ संपल्यावर. टोचताना चिमणीची ज्योतच बघत होती.

झाल्यावर आत्या आत गेली. हळदकुंकू घेऊन आली, वत्सलाबाईंना पाटावर बसवलं. "तिनं ठिवलेली बाई तू. माज्या दारातनं मोकळी जायची न्हाईस." पदरात तांदूळ घातले, नारळ घातला आणि गेल्या शुक्रवारी गुरविणीनं दिलेला खण वर ठेवला.

हिरवा.

वत्सलाबाईंनी त्याची घडी उलगडली. कोपरा बघितला. मग गाडेकरांकडं बघितलं. ते चिमणी विझवायच्या कामात फार गुंतले होते. मग माझ्याकडं बघितलं. मी सुमीच्या हाताकडं बघत होते.

त्यांनी खणाची नीट घडी केली, कमरेला खोचली आणि आत्याच्या पाया पडत म्हणाल्या, "आत्या, आज घरी गेल्या गेल्या हा शिवून टाकते."