बिटाचा रस आणि आठशे मीटर

पोलीस भरतीच्या तयारीसाठी आम्ही दोघी सोलापुरात एका खोलीत राहायचो. ती करकंबची, मी माढ्याची. खोलीत बहिणींसारख्या होतो. मैदानावर मात्र ती माझ्यापुढं दहा-बारा पावलं असायची आणि तिची हलणारी वेणी बघून माझं डोकं फिरायचं. भरतीच्या वयात बसायचं ते माझं शेवटचं वर्ष होतं. तिचंही.

आठशे मीटर पळायची चाचणी ऐन मे महिन्यात होती. अंगाला उन्हाची सवय पाहिजे म्हणून भरतीच्या क्लासचे सर आम्हाला दुपारी तीनला पळवायचे. त्या वेळी सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्यात सरांनी कुठंतरी वाचलं की बिटात नायट्रेट असतं, त्यानं रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, दम कमी लागतो. झालं, पळण्याआधी दोन तास एक ग्लास बिटाचा रस सुरू झाला. मातीच्या चवीचं ते लाल पाणी आम्ही नाक दाबून प्यायचो. थंड हवेत फरक पडत असेल बापडा. त्या उन्हात मला तरी काही जाणवलं नाही. अंग तापायचं तसंच तापायचं, घसा वाळायचा तसाच वाळायचा. ती मात्र "लई हलकं वाटतंय" म्हणायची, आणि मला तिचा आणखी राग यायचा.

पहिल्याच आठवड्यात मला लाल लघवी झाली होती. घाबरून दवाखान्यात गेले तर नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, बिटाचा रंग आहे तो, काहींना उतरतो, काहींना नाही. आपण खुळ्यात निघालो याची लाज वाटून मी कुणाला सांगितलं नाही.

चाचणीला तीन दिवस असताना सरांनी एका ग्लासाचे दोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती संडासातून आली ती भिंत धरूनच.

"लघवीतनं रगत येतंय गं," ती म्हणाली. "काय करू?"

एका शब्दाचं काम होतं. तो जिभेवर आला होता, मी गिळला.

"उन्हात पळून किडनीवर आलंय," मी म्हणाले. "आमच्याकडं एकीचं असंच झालतं. तशीच पळत राहिली, गेली."

अशी कुणीही नव्हती. थाप इतकी सहज आली की माझं मलाच नवल वाटलं. मी तिची बॅग भरून दिली, स्टँडवर सोडायलाही गेले. ती रडत होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, एक कमी झाली. घरी गेल्यावर रस सुटला, दोन दिवसांत तिची लघवी साफ झाली, म्हणजे तिच्या लेखी माझंच खरं ठरलं.

निवड यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी होतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवतं, नाही असं नाही. पण नोकरी सोडावी इतकं कधी खवखवलं नाही.

ती आता माळशिरसला असते. मागच्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन माझ्याकडं आली. पोरगी पाचवीत, पायांनी थेट आईवर गेलेली. शाळेत पळण्यात पहिली येते, गुरुजी तिला तालुक्याला न्यायचं म्हणतात.

"मी न्हाय म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "आमच्या रगतातच किडनी नाजूक हाय. तू त्या वक्ताला सांगितलंस म्हणून मी जगले, न्हायतर आज कुटं असते?"

पोरगी माझ्याजवळ सरकली. "मावशी, तुमी पोलिसात हाय की. तुमी सांगा की आईला."

दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"आई म्हणती तेच बरोबर हाय," मी म्हणाले.