एका रेघेतलं छप्पर

अहमदपुरात आमच्या गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं की वाळू यायच्या आधी अर्जुनरावांची खुर्ची तिथं येते. गावाकडची जमीन बटईने दिलेली, घरात काम नाही, आणि बोलायला तोंड मात्र देवाने सढळ हाताने दिलेलं. पंचफुलाबाईंचा स्वयंपाकाचा ओटा यांनीच फिरवायला लावला. आता ती बाई खिडकीकडे पाठ करून, भरदुपारी दिवा लावून भाकरी थापते. अर्जुनराव तिथं चहाला जातात आणि म्हणतात, "कसं प्रसन्न वाटून राहिलंय बघा." ती बिचारी "हाव, हाव" म्हणत मान डोलावते.

असा माणूस स्वतःच्या घराला खोली जोडायला निघाला, तेव्हा आमची सगळ्यांची करमणूक ठरलेलीच होती.

खोली हवी होती त्यांच्या बायकोला, तारामतीला. लेक सुकन्या जळकोटला दिलेली, तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले, वैशाखात बाळंत व्हायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही आपली रीत. घर पाहावं तर एक स्वयंपाकघर आणि एक मधली खोली. त्या खोलीत अर्जुनरावांची खाट, त्यांचा पंखा आणि त्यांचं घोरणं. तारामतीचं मागणं एवढंच होतं, "बाळंतिणीला शेक देता येईल, दोन घटका वारा येईल, एवढी जागा करा."

जुन्या घराला सागवानी वासे, वर पत्रे. छपराचा उतार गल्लीतून दिसतो. अर्जुनरावांनी ठरवलं की नवी खोली पश्चिमेच्या भिंतीला लावायची आणि तोच उतार तसाच पुढे न्यायचा. "बघणाऱ्याला जोड दिसला न्हाई पायजे," ते म्हणाले. जुन्या वाशांच्या जाडीचेच वासे पाहिजेत म्हणून हिमायतनगरला गेले, कुणाच्या मोडलेल्या घराचं सागवान टेम्पोत घालून आणलं, रंग जुळावा म्हणून तेल चोपडून काळं केलं. लेकीला सासरहून आणायला कधी गेले नाहीत एवढ्या हौसेने हे केलं. शिवशंकर सुताराने वाशाला वासा लावला. उतार खाली खाली गेला, तशी पलीकडची भिंत बुटकी होत गेली. शिवशंकरला विचारलं तर म्हणाला, "अण्णा म्हणतेत तसं." त्याला मजुरी मिळत होती, तो कशाला वाद घालील?

इथपर्यंतही निभावलं असतं. पण लातूरहून एक वास्तूवाले आले आणि सांगून गेले की नवी खोली नैऋत्येला येते, तिथली जमीन घरात सगळ्यांत उंच पाहिजे. लगेच मुरूम येऊन पडला. जमीन दोन पायऱ्या वर चढली, त्यावर शहाबादी फरशी बसली. मधल्या खोलीतून तिकडे जायच्या दाराची चौकट मात्र होती तिथंच, छप्परही होतं तिथंच. ज्या घरात देवाला रोज मनापासून पाणी घातलं जातं, त्या घराला नैऋत्येचा एवढा धाक कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

"आवं, जमीन वर आली, मग छप्पर बी वर घ्या की," तारामती म्हणाली.

"म्हणजे रेघ मोडू? लोक काय म्हणतील?"

"लोक बाहेर ऱ्हातेत. पोरगी आत ऱ्हानार हाय."

"बाळंतीण तर झोपूनच असती. तिला उंची कशाला लागती?"

खोलीची पूजा झाली. भटजींनी आरती बसूनच म्हटली. आम्ही बाया दारातून वाकून आत, वाकून बाहेर. देवापुढे वाकायला कुणाची ना नाही, पण इथं पत्र्यापुढे वाकत होतो. तीन पाहुण्यांची डोकी वाशाला लागली. त्यांच्या हातावर प्रसाद ठेवत अर्जुनराव म्हणत होते, "आधी गल्लीतून बघून या." गल्लीतून खरंच देखणं दिसत होतं. आढ्यापासून वळचणीपर्यंत सुतात ओढल्यासारखी एक रेघ. खोटं कशाला लिहू?

चैत्र सरता सरता सुकन्या आली. पोट पुढे आलेलं. दोन पायऱ्या चढून त्या चौकटीत वाकायला गेली, तर पोट वाकू देईना. तशीच चौकट धरून उभी राहिली. आईने हाताला धरून, तिरकं वळवत कसंबसं आत नेलं. पत्रा डोक्यावर वीतभर. पंखा टांगायला जागा नाही, टांगला तर पातं कपाळाला लागावं. तिसऱ्या प्रहरी तिच्या अंगावरचं लुगडं पिळून काढावं असं झालं.

"आई, मी जळकोटला जाते," ती म्हणाली. "सासूबाई न्हाई म्हणनार न्हाईत."

तारामती उठली. मधल्या खोलीत गेली, अर्जुनरावांची गादी गुंडाळली, उशी काखोटीला मारली आणि दोन पायऱ्या चढून नव्या फरशीवर नेऊन टाकली. सुकन्येला पंख्याखाली खाटेवर निजवलं.

दिवेलागणीला अर्जुनराव घरी आले. "माझी गादी कुठाय?"

"तिकडं."

"मी तिथं झोपू? उकडून मरंन की. हे मालकाचं घर हाय का धर्मशाळा?"

"नका झोपू. सकाळच्या गाडीनं ती जळकोटला जाईल, आन् मी बी तिच्यासंगं. मग दोन्ही खोल्या तुमच्याच. स्वयंपाक बी तुमचाच."

माणूस गल्लीभर बोलतो, पण चूल पेटवता येत नाही. पायऱ्या चढला, आणि पाठोपाठ वाशावर डोकं आदळल्याचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला.

वैशाखात मुलगी झाली. मधल्या खोलीत शेगडी आहे, ओव्याचा वास आहे, पंख्याचा वारा आहे. अर्जुनराव सकाळी घामाने निथळून बाहेर येतात. मान वाकडी करून चालायची सवय आता रस्त्यातही सुटत नाही. परवा नातीला बघायला उंबऱ्यात उभे होते. बघणं झालं, तरी हलेनात.

"बाळंतपण किती दिवस चालतंय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तारामती बाळाच्या टाळूवर तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी म्हणंल तवर."