बिनकॅरियरची सायकल

"ॲव्हरेज किती देते?" असं मी विचारलं आणि शिरूरच्या त्या सायकलच्या दुकानातला दुकानदार आधी माझ्याकडं, मग सायकलीकडं बघायला लागला.

चूक माझी एकट्याची नव्हती. दुकानदार मघापासून 'रोड बाईक, रोड बाईक' म्हणत होता. आमच्याकडं बाईक म्हणजे पेट्रोल पिणारी. साखर कारखान्याच्या टाईम ऑफिसात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडून 'बाईक'च्या पाठोपाठ 'ॲव्हरेज' आपोआप येतं. समोर सायकल उभी आहे हे मला दिसत होतं. पण तोंड डोळ्यांचं ऐकेल तर ते तोंड कसलं?

सिस्टर बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दुकानदाराच्या आधी त्यांनीच उत्तर दिलं. "दोन भाकरीत पारगावच्या पुलापर्यंत जाते," त्या म्हणाल्या. "पिठलं असलं तर परत पण येते."

केडगावात त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. दवाखान्यातून रिटायर होऊन वर्षं झाली, तरी त्या सिस्टरच. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून इकडची आमटी तिकडं जायची आणि नाताळात तिकडच्या करंज्या इकडं यायच्या. आमच्या करंज्यांपेक्षा त्या खुसखुशीत असत, हे मी एकदा घरात बोलून दाखवलं होतं. पुन्हा नाही बोललो.

तुमच्याही गावात अशी एखादी सिस्टर असेल, जिनं निम्म्या गावाला सुई टोचली आहे. आमच्या सिस्टरचं एक वाक्य होतं, "हात सैल सोडा." मी सुईला घाबरणारा माणूस, मूठ आवळून बसायचो. त्या म्हणायच्या, "हात सैल सोडा. आज डब्यात काय होतं?" मी 'शेपू' म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. आजही ताटात शेपू आला की माझा डावा दंड दुखतो.

पुढं ते वाक्य दवाखान्यातून बाहेर पडलं. बांगड्या भरताना रडणाऱ्या नवरीला, स्कूटी शिकणाऱ्या माझ्या मुलीला, बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना, सगळ्यांना त्या एकच सांगायच्या. हात सैल सोडा.

त्यांचे यजमान रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. उंच, बगळ्यासारखे, बोलणं मोजकं. गार्डसाहेब जायचे तिथं सायकलवर जायचे, आणि ड्युटी नसेल तेव्हा सिस्टरना दवाखान्यात सोडायला जायचे. सिस्टर आधी कॅरियरवर बसायच्या, पांढऱ्या साडीचा घोळ आवरून. तोवर गार्डसाहेब सायकल तिरकी धरून, मागं न बघता थांबायचे आणि मग आपला लांब पाय पुढून, नळीवरून पलीकडं टाकायचे. मागून टांग टाकली तर बूट सिस्टरच्या तोंडावर बसायचा. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की एकटे असले तरी ते पाय पुढूनच टाकायचे. आम्ही हसायचो. मी तर घरात त्याची नक्कल करायचो, आणि एकदा नक्कल करताना टीपॉयवर आपटलोही होतो. सिस्टर रिटायर झाल्या तोवर सायकलची फ्रेम गंजून मोडली होती. ती भंगारात गेली आणि ते पायी फिरायला लागले.

त्यांच्या लग्नाची गोष्ट सिस्टरच सांगायच्या. त्यांचं माहेर भीमेपलीकडचं, मांडवगण फराटा. लग्न ठरायच्या आधी गार्डसाहेब केडगावहून सायकल मारत तिकडं जायचे आणि त्यांच्या घरासमोर घुटमळायचे. एकदा सिस्टरच्या वडिलांनी हटकलं, "काय काम काढलं, पाव्हणं?" गार्डसाहेब गोंधळले आणि म्हणाले, "भीमेला पाणी किती हाय, ते बघायला आलो." नदी मागं दोन कोसांवर राहिलेली. वडील म्हणाले, "मग बघा की. आमच्या दारात न्हाई ती."

मागच्या दिवाळीआधी सिस्टरच्या पोटातलं दुखणं परत आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी समजुतीनं सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना काय समजवायचं? आपले कागद त्यांनी स्वतःच वाचले. भिंतीपलीकडून त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, आता आणखी सुया टोचून घ्यायच्या नाहीत. सांगताना त्या लसूण सोलत होत्या.

गार्डसाहेबांनी मात्र त्या दिवसापासून घर सोडलं नाही. पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि सिस्टरचा हात धरून बसले. बोलायचे नाहीत, पेपर वाचायचे नाहीत. पाणी प्यायचं तरी सिस्टरना हात सोडवून घ्यावा लागायचा.

एकदा ते अंघोळीला गेले असताना सिस्टरनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मला जायची भीती नाही," त्या म्हणाल्या. "प्रभू बघून घेईल. भीती ह्यांची आहे. मी गेल्यावर हे पलंगाचा गज धरून बसतील, अगदी असेच. ह्यांच्या हातात दुसरं काहीतरी दिल्याशिवाय मला जाता यायचं नाही."

ते दुसरं काहीतरी काय, हेही त्यांनी ठरवलं होतं. दर रविवारी सकाळी कंपन्यांमधले तरुण इंजिनियर घट्ट कपडे घालून, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलच्या सायकली घेऊन चौफुल्याकडून यायचे. गार्डसाहेब ओट्यावर असले की ती रांग दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघायचे. ते सिस्टरनी बघून ठेवलं होतं.

पण विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. म्हणून गार्डसाहेब दौंडला पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले, तो दिवस आम्ही धरला. आपण जिवंत आहोत हे सांगायला ते तिकडं, आणि सिस्टर माझ्या गाडीत, मागच्या सीटवर दोन उशा लावून, शिरूरला. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एरवी मी हॉर्न मारमारून जीव खातो. त्या दिवशी प्रत्येक ट्रॉलीमागं बैलगाडीच्या चालीनं गेलो.

गार्डसाहेबांच्या पायाचं माप सिस्टरनी ते झोपलेले असताना घेतलं होतं, जांघेपासून टाचेपर्यंत. मध्येच त्यांना जाग आली, तर म्हणाल्या, पायजमा शिवायचाय.

दुकानदारानं दोन सायकली काढल्या. एक लालभडक, हँडल पार खाली. दुसरी राखाडी, हँडल जरा वर. माझं मत लालला. सिस्टरनी मला लाल सायकलीवर वाकून बसायला लावलं आणि माझ्या कमरेवर दोन बोटं टेकवली. "इथं कळ येते ना?" आली. "त्यांना पण इथंच येते. ही नको."

दुकानदारानं राखाडी सायकल दोन बोटांवर उचलून दाखवली. "वजनच न्हाई मॅडम हिला. बघा तुम्ही."

"बघते की," सिस्टर म्हणाल्या. "माझी पण तीच गत होत आलीय."

तो हसला. त्याला काय माहीत? मी हँडलकडं बघत राहिलो.

चालवून बघायचं काम माझ्याकडं आलं. इतका बारीक टायर मी आयुष्यात बघितला नव्हता. दोरीवर चालल्यासारखं वाटत होतं. मी हँडल असं आवळलं की सायकल माझी आज्ञा सोडून बाकी सगळ्यांची पाळायला लागली. दुकानाच्या दारातून बारीक आवाज आला, "हात सैल सोडा." मी सोडले आणि समोरच्या रसवंतीच्या बाकड्याला जाऊन टेकलो. रसवाल्यानं विचारलं, "आलं-लिंबू टाकू का?" शेवटी मी ऊसवालाच. जिथं थांबायचं तिथंच थांबलो.

परत आलो तेव्हा दुकानदार सांगत होता की ह्या सायकलीला स्टँड नसतो, घंटी नसते, मडगार्ड नसतं. मला वाटलं, आता आपली अक्कल दाखवायची वेळ आली. मी म्हणालो, "ते राहू दे, पण कॅरियर तेवढं चांगलं मजबूत बसवून द्या."

"कॅरियर नको," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, असं कसं? मागं बसायला लागतंय की."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. सुई टोचायच्या आधी बघायच्या, तसं.

"बसणारी चाललीय," त्या म्हणाल्या. "कॅरियर कशाला?"

दुकानदार फडक्यानं आधीच स्वच्छ असलेली नळी पुसायला लागला.

"घंटी मात्र लावा," सिस्टर त्याला म्हणाल्या. "कोपऱ्यावर वाजवली की पडल्यापडल्या मला कळलं पाहिजे, आले म्हणून."

दुपारी गार्डसाहेब दौंडहून आले. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, मालगाडी सुटायच्या आधी मारत असतील तशी. दोन्ही ब्रेक दाबून बघितले. "चांगली आहे," म्हणाले. "पण मला कुठं जायचंय?" आणि आत जाऊन त्यांनी खुर्ची ओढली, हात धरला.

सायकल भिंतीला टेकून राहिली. चार-आठ दिवसांत तिच्या हँडलवर बनियन वाळत पडलेलं मी बघितलं. सिस्टरनी ते हसण्यावारी नेलं. चिडलो मीच, जसं काही ती सायकल मीच घडवली होती.

मग एका सकाळी माझी बायको तिकडं पेज घेऊन गेली होती, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अहो, भीमेला पाणी किती आहे, जरा बघून या."

गार्डसाहेबांनी दारातून सायकलीकडं बघितलं. म्हणाले, "एकटा?"

"तेव्हा काय वऱ्हाड घेऊन यायचात?"

ते उठले, पण हात सुटेना. बायको सांगते, त्यांची बोटं पांढरी पडली होती. सिस्टरनी दुसऱ्या हातानं त्यावर हळू थोपटलं, एखाद्या पेशंटला थोपटावं तसं.

"हात सैल सोडा," त्या म्हणाल्या.

मी फाटकात उभा होतो. गार्डसाहेबांनी बनियन काढून दोरीवर टाकलं, सायकल वळवली आणि लांब पाय पुढून वर घेतला. ते शिंगांचं हँडल पायजम्यात अडकलं, ते एका पायावर दोन उड्या मारून कसेबसे सावरले आणि निघाले. मी हसलो. बायको हसली. आतून सिस्टर म्हणाल्या, "पडले ना? मला ऐकू आलं." आम्ही सगळे मिळून हसलो ते तेवढंच, शेवटचं.

नंतर ते रोज जायला लागले. तेवढा वेळ बायको सिस्टरजवळ बसायची. कोपऱ्यावर घंटी वाजली की सिस्टर केसांवरून हात फिरवायच्या. गार्डसाहेब रिपोर्ट द्यायचे. पाणी थोडं उतरलंय, पुलाच्या तिसऱ्या खांबाचं शेवाळ उघडं पडलंय. सिस्टर विचारायच्या, "बगळे होते का?" हे त्यांनी बघितलेलं नसायचं. दुसऱ्या दिवशी बगळे बघून यायचे, तर त्या विचारायच्या, "होडीवाला दिसला का?" माणसाला रोज थोडं जास्त बघायला लावत होत्या त्या. एक दिवस ते थेट मांडवगणला जाऊन आले. खिशातून बोरं काढली. सिस्टरना गिळवत नव्हतं, तरी एका बोराची बी त्यांनी संध्याकाळपर्यंत गालात धरून ठेवली होती.

नाताळ झाला. दारावरचा चांदणीचा आकाशकंदील अजून काढला नव्हता, तेव्हाची सकाळ. गार्डसाहेब पुलाकडं गेले होते. बायकोनं भिंतीवरून मला हाक मारली. नुसतं "अहो" म्हणाली, पण मला कळलं. मी गेलो तेव्हा सिस्टरचा हात चादरीवर मोकळा पडला होता, बोटं जराशी उघडी.

कुणीतरी गार्डसाहेबांना सांगायला हवं होतं. मी फाटकात जाऊन उभा राहिलो. बोलण्यात मी कधी कमी पडत नाही, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. काय म्हणायचं ते मी मनात दोन-तीन प्रकारे जुळवलं. कोपऱ्यावर घंटी वाजली.

ते घामेजलेले, तोंडावर उन्हाची लाली. माझ्याजवळ उतरले आणि म्हणाले, "पाणी चढलंय आज. वरून धरणातलं सोडलेलं दिसतंय. होडी पार झाडाला बांधलीय. सांगतो तिला." स्टँड नसलेली ती सायकल त्यांनी माझ्या हातात दिली आणि आत गेले.

ती सायकल भिंतीला टेकवता आली असती, पण तेवढंही मला सुचलं नाही. माणसं जमली, पाळकसाहेब आले, प्रार्थना सुरू झाली, आणि मी आपला फाटकात हँडल धरून उभा. कुणीतरी येऊन माझी बोटं सोडवली.

सिस्टरना वाटत होती तीच भीती मग खरी झाली. गार्डसाहेब रिकाम्या पलंगाचा गज धरून बसले. बायको दोन वेळचं ताट भिंतीवरून द्यायची आणि बरंचसं तसंच परत यायचं. सायकलीवर धूळ चढली. मी ती पुसायला गेलो की ते आतून बघायचे, आणि मी न पुसता परत यायचो.

उन्हाळा लागला तशी एका पहाटे चेनीची किरकिर ऐकू आली. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. गार्डसाहेब सायकल घेऊन फाटकाबाहेर आले होते. सायकल तिरकी करून, मागं न बघता ते जरा थांबले. मग पाय पुढून वर घेतला, हँडलला पायजमा घासला, तोल गेला, सावरला, आणि अगदी हळू, पहिले दोन-चार पायडल जपून मारत निघाले.

परत आले तेव्हा कोपऱ्यावर त्यांनी घंटी वाजवली. आता हे रोजचं झालंय.

परवा मी बायकोला म्हणालो, एखाद्या दिवशी पडतील बरं का हे. त्या सायकलीला मागं काहीच नाही, सरळ मागून टांग टाकावी. उद्या सांगतोच त्यांना.

बायको खिडकीतून हलली नाही.

"काही सांगू नका," ती म्हणाली. "सिस्टर बसल्यात मागं."