बेसिनमधले शेजारी

"वेगळा जंतू म्हणजे वेगळं कारण. याला साथ म्हणता येणार नाही," सेनगुप्ता सर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला.

मी कोलकात्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. पेशंटच्या रक्तात कुठला जंतू वाढतोय आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे सांगणं माझं काम. सर आमचे सुपरिंटेंडंट. नवजात बाळांच्या आयसीयूत तेव्हा दोन बाळं दगावली होती. दोघांच्याही रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला होता. आता तिसरं बाळ मलूल पडलं होतं, पण त्याच्या रक्तात एंटेरोबॅक्टर निघाला. वेगळी जात.

"सर, नाव वेगळं आहे. पण तिघांमध्येही औषधं तीच फेल आहेत. एक जुनं, किडनीला जड जाणारं औषध तेवढं चालतंय."

"योगायोग असेल."

"एका जातीतला जीन दुसऱ्या जातीत गेला असेल तर?"

आपल्यात जीन आईबापांकडून मुलांकडे येतात. जंतूंमध्येही तसंच होतं, पण त्यांना आणखी एक सोय आहे. मुख्य डीएनएखेरीज काहींकडे डीएनएची छोटी रिंग असते, प्लाझ्मिड. तिची कॉपी एक जंतू शेजारच्याला देऊ शकतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. त्या रिंगवर औषध निकामी करणारा जीन असला, की घेणाऱ्यालाही ते औषध लागू पडत नाही. असा बदल अंगात मुरायला पिढ्या जाव्या लागत नाहीत.

"म्हणजे हे दोन्ही जंतू आपल्याच युनिटमध्ये कुठेतरी एकत्र राहतायत. नवीन ॲडमिशन थांबवा, सर."

"आणि बाळं कुठे पाठवू? कुठेच बेड नाही. ॲम्ब्युलन्समध्ये दगावलं तर? आधी सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट येऊ दे."

ते सबब सांगत नव्हते. बेड खरंच नव्हते.

सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमानं वाचणं. मी दोन्ही जंतू त्यासाठी पाठवले. युनिटची इन्चार्ज डॉक्टर नंदिता आणि मी इन्क्युबेटर, नळ्या, टेबलं, जे दिसेल त्याचे स्वॅब घेत सुटलो.

त्याच दिवसांत रुखसाना नावाच्या एका बाईची मुलगी ॲडमिट झाली. वेळेआधी जन्मलेली. वडील सलीम खिदिरपूरच्या डॉकवर क्रेन चालवायचे. कपाळावर आठ्या होत्या म्हणून सिस्टर तिला 'बुडी' म्हणायच्या, म्हणजे म्हातारी. वजन छान वाढत होतं. मग एका सकाळी तिनं दूध सोडलं.

रिपोर्ट आला. दोन्ही जातींचा मुख्य डीएनए वेगवेगळा, जसा असायला हवा तसा. रिंग मात्र जवळजवळ अक्षरन् अक्षर सारखी. हात धुवायच्या बेसिनच्या जाळीवरच्या स्वॅबमध्येही दोन्ही जंतू वाढले होते. उरलेलं दूध तिथेच ओतलं जायचं. पाइपमधल्या बुळबुळीत थराला रोज खाऊ मिळत होता. नळ जोरात सोडला की तिथलं पाणी शेजारच्या दूध तयार करायच्या ओट्यावर उडायचं.

सरांनी रिपोर्ट वाचला. "बंद करा युनिट," एवढंच म्हणाले.

बुडीच्या रक्तात एंटेरोबॅक्टर होता. ते जुनं औषध चालू होतं, पण ती गेली.

सरांनी बजावलं होतं, "घरच्यांना एवढंच सांगा, चौकशी चालू आहे." नंदिता आणि मी बुडीच्या आईवडिलांना भेटायला गेलो. रुखसाना भिंतीला टेकून बसली होती. कुर्ता दुधानं ओला झाला होता.

सलीमनी हिंदीत विचारलं, "मॅडम, हे तिला माझ्याकडून लागलं का? मी डॉकवरून तसाच यायचो."

नंदितानं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "इथेच लागलं. आमच्या बेसिनमधून."



"पण तुम्हीच तर मला रोज तिथे हात धुवायला लावत होता," सलीम म्हणाले.

त्यांनी रुखसानाला हात देऊन उठवलं आणि दोघं निघून गेले.

बेसिन उखडून दुसऱ्या खोलीत हलवलं. उरलेलं दूध आता त्यात कोणी ओतत नाही. तिसरं बाळ वाचलं, पण त्याच्या किडनीवर परिणाम झाला, अजून तपासणीला येतं. मी सलीमना काय सांगितलं ते सरांना कळलं. त्यांनी जाब विचारला नाही.

आता संशय आला की आम्ही आधी ॲडमिशन थांबवतो आणि मग सिक्वेन्सिंगला पाठवतो. बदलला तो एवढा क्रम.