चकावरचं कुंकू

आमचे दाजी कोंडीराम स्वभावाने गोड होते असं मी म्हणणार नाही. तापट, हेकट, घरी आलेल्या पाहुण्यालाही टाकून बोलणारे. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्यांच्याशी संसार कसा केला ते तिचं तिलाच ठाऊक. पण दारू? बाप दारूपायी गेला म्हणून त्या माणसाने थेंबाला कधी हात लावला नाही. स्वतःच्या वरातीत कोणी पिऊन नाचायला लागला, तर नवरदेव घोड्यावरून उतरून त्याच्या अंगावर धावून गेला होता. मी होतो तिथे. म्हणूनच दौलतराव फोरमनचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही बीडकडून पिंपरीला आलो आणि चिंचवडच्या एका शेडमध्ये कामाला लागलो. मी पॅकिंगला, दाजी लेथवर. लेथवर लोखंड चार जबड्यांत आवळून गरागरा फिरवतात आणि कातून घेतात. जबड्यांच्या त्या फिरत्या चाकाला चक म्हणतात. प्रत्येक लेथला आपापला पिवळा बल्ब असायचा. शेडला खिडक्या नव्हत्याच. मग दौलतरावांना उजेडाची हौस आली. त्यांनी छताला ट्यूबलाइटच्या रांगा लावून घेतल्या आणि लेथवरचे बल्ब काढून नेले. "दोन-दोन दिवे कशाला? घरचं लग्न हाय का?" असं वर विचारलं. शेड दुधासारखी पांढरी झाली आणि मालक नानासाहेबांनी त्यांची पाठ थोपटली. दौलतरावांचा दुसरा नियम पाळी बदलण्याचा. जाणाऱ्याने मशीन बंद करायचं नाही, येणाऱ्याने चालूच ताब्यात घ्यायचं. वेळ वाचतो म्हणे.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा झाली. चकाच्या चारही जबड्यांवर कुंकवाची बोटं ओढली. दसऱ्याची सुट्टी संपली, दुसऱ्या पाळीला दाजी कामावर आले. आधीच्या पाळीचा भैरू नियमाप्रमाणे लेथ चालू ठेवून गेला होता. शेजारी पत्रे ठोकणाऱ्या प्रेसचा दणदणाट, त्यात लेथचा आवाज कुठून ऐकू येणार? दाजींनी बघितलं तर चक थांबलेलं. जबड्यांवरची कुंकवाची चार बोटं वेगवेगळी, स्वच्छ दिसत होती. चक फिरत असतं तर कुंकवाचं लाल कडं दिसायला हवं होतं. दाजींनी जबडा सैल करायला हात घातला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दाजी दवाखान्यात एकच सांगत होते, "चाक थांबलं व्हतं. देवाचं कुंकू दिसत व्हतं मला." दौलतरावांनी ते ऐकलं आणि नानासाहेबांना जाऊन सांगितलं, "फिरतं चाक ज्याला थांबलेलं दिसतं, त्यानं काय घेतलं असेल? मी उचलला तेव्हा तोंडाला वास येत होता." झालं. भरपाई गेली, नोकरी गेली. चाळीत दाजी नळावर आले की बायका पदर सावरून बाजूला व्हायला लागल्या. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

त्यातून दाजींनी आणखी घोळ घातला. पिंपरी कॅम्पातल्या एका कापडाच्या दुकानात ट्यूबलाइटखाली टेबलफॅन होता. तो बंद करताना पाती मध्येच थबकून उलटी सरकल्यासारखी दिसायची. दाजी ते बघत दुकानासमोर तासन्‌तास उभे राहायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगायचे, "बघा, पंखा उलटा फिरतोय. हे दिवे डोळ्याला फशिवत्यात." लोक बघत त्यांच्याकडे, पंख्याकडे नाही. दुकानदाराने शेवटी हाकलून दिलं. आता तर सगळ्यांची खात्रीच पटली, की कोंडीरामला भरदुपारी चढलेली असते. अक्कासुद्धा एकदा मला हळूच म्हणाली, "ज्योतीराम, खरं सांग, हे घेत न्हाईत ना?" दाजींनी ते ऐकलं. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठून बाहेर गेले, आणि मला त्या दौलतरावाचा गळा दाबावासा वाटला.

पुढची खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीच्या फाटकात कोणालाच अडवत नाहीत, बायकापोरंही प्रसादाला येतात. दाजी बोलावणं नसताना आले आणि थेट आपल्या जुन्या लेथपाशी जाऊन उभे राहिले. नमस्काराला टेकवावा तसा डावा तळहात त्यांनी मशीनच्या अंगाला लावून ठेवला. अपघातापासून डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. पंखा असो की पिठाची गिरणी, चालू की बंद हे ते हात लावूनच ओळखायचे.

दौलतराव त्यांना बघून मोठ्याने म्हणाले, "आज तरी शुद्धीत आलास का रे?" चारजण हसले. मी पुढे सरसावलो, पण दाजींनी मशीनवरचा हात काढला नाही. एरवी ते ऐकून घेणारे नव्हते.

रीत अशी होती, की मालकाने शकुनाला मशीन जरा चालवायचं, बंद करायचं आणि मग फोरमनने हार घालायचा. नानासाहेबांनी बटण दाबलं. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली आणि ते तिकडे वळले. बंद करायचं राहून गेलं. कर्ण्यावर आरती एवढी मोठ्याने लागली होती, की शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. दौलतराव पुडीतून हार सोडवत होते. त्यांनी मान वर केली. समोर चक, चार जबडे, कुंकवाची चार बोटं, सगळं जागच्या जागी. ते हार घेऊन पुढे झाले.

दाजींनी त्यांचं मनगट धरलं. उरलेल्या दोन बोटांनी असं धरलं, की दौलतराव ओरडले. हाराचं टोक चकाला लागलं आणि झेंडूच्या चिंध्या नानासाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाल्या. कोणीतरी कर्णा बंद केला.

"बंद होतं मशीन!" दौलतराव किंचाळले. "बंदच होतं! मी डोळ्यानं बघितलं!"

शेडमध्ये लेथची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती. दाजींनी मनगट सोडलं नाही. ते मालकांकडे वळून म्हणाले, "नानासाहेब, आता ह्यांच्या तोंडाचा वास घ्या."

भैरूने जाऊन मशीन बंद केलं.

आठवडाभरात प्रत्येक लेथवर पुन्हा पिवळा बल्ब लागला. लावणाऱ्या वायरमनने सांगितलं, की ट्यूबलाइट डोळ्याला कळणार नाही इतक्या भराभर विझते-पेटते आणि त्या लुकलुकीत फिरतं चक थांबलेलं दिसतं, पिवळ्या बल्बाखाली तसं होत नाही. नानासाहेबांनी दाजींना स्टोअरमध्ये घेतो म्हणून निरोप पाठवला. दाजींनी उलटा निरोप धाडला, की आधी दौलतरावाने चाळीत येऊन नळापाशी उभं राहून बोलावं. दौलतराव आले, मान खाली घालून "कोंडीराम प्यालेला नव्हता" एवढं म्हणाले. अक्काने चहा ठेवला होता. दाजींनी तो मोरीत ओतला.

मला मात्र राहवलं नाही. मी असतो तर तो हात धरला नसता, चकात जाऊ दिला असता. हे मी दाजींना तोंडावर सांगितलं आणि विचारलं, "का वाचवलंत त्याला?"

"वाचवला?" दाजी माझ्यावरच खेकसले. "हात गेला असता तर समद्यांनी त्याची कीव केली असती. मला त्याची बोटं नको व्हती, त्याचं तोंड पाहिजे व्हतं."